वाढत्या अंगाची रायफल

बाबा, तुमचं रबर वितळलं. चांगलं रबर माणसापेक्षा जास्त टिकतं, असं तुम्ही म्हणायचात. तुमच्यापेक्षा टिकलं हे खरं, पण शेवटी उन्हाळ्यातल्या गुळासारखं पाघळलं. ऑक्टोबरात तळघरातलं लोखंडी कपाट उघडून रायफल बाहेर काढली, तुम्ही जिला सगळ्यांसमोर “हिची रायफल” म्हणायचात ती, तर दस्त्याच्या खांद्याकडच्या टोकाला तुम्ही बसवलेलं काळं पॅड माझ्या तळहाताला चिकटूनच बसलं. साबण झाला, लिंबू झालं, शेवटी आईच्या पद्धतीने खोबरेल चोळलं तेव्हा कुठे हात सुटला. नखांतलं काळं मात्र जाता जाईना. ग्रोसरीतल्या कॅशियर मुलीने माझ्या हातांकडे बघून विचारलं, मेकॅनिक आहेस का? मी हो म्हटलं. कुणीतरी काहीतरी विचारलं होतं, नाही कशाला म्हणायचं?

रायफल काढायचं कारण म्हणजे उंच काका. तुमच्या कारखान्यातले तुमचे ते ताडमाड अमेरिकन दोस्त. लहानपणी मी त्यांना उंच काका म्हणायला लागले आणि त्यांना ते इतकं आवडलं की अजूनही फोनवर स्वतःचं नाव न सांगता “काका हिअर” म्हणतात. सप्टेंबरच्या शेवटी त्यांचा फोन आला. गुडघे गेले, मुलांना जंगलात रस नाही, तेव्हा वर उत्तरेला तुम्ही चौघा मित्रांनी मिळून बांधलेली केबिन ते विकताहेत. चौघांतले आता ते एकटेच उरलेत. हा शिकारीचा नोव्हेंबर शेवटचा. “तुझ्या डॅडची खाट आम्ही कुणाला दिली नाही,” म्हणाले. “या वर्षी तू ये. आणि हे बघ, पाहुणी म्हणून यायचं नाही. रायफल घेऊन यायचं, पहाटे उठायचं आणि डॅडच्या जागेवर जाऊन बसायचं.” मी म्हटलं, काका, चौदाव्या वर्षानंतर मी बंदुकीला हात लावलेला नाही, आणि ती रायफल मला लांब होते, खांद्याला बसतच नाही. “मग बसवून घे,” म्हणाले, “इंजिनियर आहेस की कोण आहेस?” आणि फोन ठेवून दिला. त्यांची ती सवय गेलेली नाही.

मला जायचं होतं, बाबा. इतकं जायचं होतं की माझी मलाच लाज वाटली. तुम्ही गेल्यावर काय काय झालं ते तुम्हाला कुठे माहीत आहे? लग्न मोडलं. मुलगा रेडमंडला असतो, पार दुसऱ्या किनाऱ्याला, सॉफ्टवेअरमध्ये. रविवारी फोन करतो, मी मराठीत विचारते, तो इंग्लिशमध्ये उत्तर देतो, आणि दहा मिनिटांत त्याला मीटिंग असते. रविवारी कसली मीटिंग असते देव जाणे. आई आजारी पडली तेव्हा मी डेट्रॉइटजवळ ट्रॉयच्या या आपल्या घरात परत आले ती इथेच राहिले. आई गेली. मग वसंतात कंपनीने केक कापून मला घरी पाठवलं. गाड्यांच्या सीटच्या फोमचं काम केलं मी जन्मभर. बाप इंजिनाखाली, लेक लोकांच्या बुडाखाली, असं आई म्हणायची. आता घरात माझ्याशी बोलतो तो एक मायक्रोवेव्ह. आणि आता कुणीतरी ‘डॅडच्या जागेवर बस’ म्हणालं होतं. पण पाहुणी म्हणून नाही, म्हणजे रायफल हवी. रायफल हवी म्हणजे तुमचं पॅड काढून मागचं लाकूड करवतीने कापायला हवं. तुमच्या हातचं काम कापायचं. आणि नाही कापलं तर ती जागा, ती खाट, सगळं नव्या मालकाचं. रोज तळघरात उतरायचे, कपाटाला हात लावायचे आणि वर येऊन चहा टाकायचे.

त्या तळघरात उतरलं की मला दिसता ते तुम्ही ऑक्टोबरातले. मिरजेच्या शिंप्याचे चिरंजीव, डेट्रॉइटला येऊन इंजिनाखालचे रबरी ठोकळे बनवणारे इंजिनियर. इंजिनाची थरथर गाडीत बसलेल्याला जाणवू नये म्हणून मध्ये रबर घालायचं, हा तुमचा धंदा. मग कारखान्यातल्या दोस्तांनी तुम्हाला शिकारीला नेलं आणि तुम्ही बंदुकीच्या धक्क्याने खांदा जांभळा करून घरी आलात. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, पुन्हा नको रे बाबा. तुम्ही आरशासमोर उभे राहून त्या खांद्याकडे कौतुकाने बघत होतात. “एवढा धक्का हाडावर घेतात ही माणसं,” म्हणालात, “आणि गाडीच्या इंजिनाला मात्र रबर!” पुढच्या वर्षापासून आपल्या ड्राइव्हवेत पिकअप ट्रक उभे राहायला लागले. एकेक धिप्पाड माणूस रायफल घेऊन तळघरात उतरायचा आणि तुम्ही गळ्यात आजोबांच्या दुकानातली टेप अडकवून उभे. “कोट कुठे आहे? जंगलात शर्टावर बसणार आहेस का? जा, कोट घालून ये.” तो बिचारा परत गाडीत जाऊन तो भडक नारिंगी कोट घालून यायचा. मग त्याचं कोपर काटकोनात वाकवायचं, कोपराच्या आतल्या खोबणीपासून बोटाच्या पेरापर्यंत टेप धरायची. बंदुकीचा दस्ता तेवढाच लांब हवा. कमी नाही, जास्त नाही. “श्वास सोड,” तुम्ही म्हणायचात. सहा फुटी माणसं शाळेच्या गणवेशाचं माप द्यायला उभी राहिल्यासारखी मुकाट श्वास सोडायची.

आणि ते रबर फ्रीझरमध्ये! पॅड दस्त्याच्या आकाराचं घासायचं तर आधी ते गोठवून कडक करावं लागतं, नाहीतर मशीनच्या पट्ट्याखाली फाटतं, हे आम्हाला सगळ्यांना माहीत झालं ते आईच्या किंचाळण्यामुळे. गणपतीचे मोदक करायला तिने खवलेल्या नारळाची पिशवी काढली आणि खालून तुमची दोन काळी पॅड निघाली. “अहो, हे काय ठेवलंय माझ्या नारळात?”

“रबर आहे. हात लावू नकोस, गोठतंय.”

“रबराचे मोदक करू का आता? तुमच्या त्या दोस्तांना प्रसाद म्हणून वाटा!”

महाराष्ट्र मंडळातही तुमची कमी चेष्टा झाली नाही. कुणी म्हणायचं, काय शिकारी, वाघ कधी? डॉक्टर काकू नाक मुरडायच्या, मुकी हरणं ती, पाप लागतं. त्यांच्याच यजमानांनी आपल्याकडे तांबडा रस्सा तीनदा वाढून घेतला, आणि मटण कुठून आणता हो, असं विचारल्यावर आईने “ओळखीचं आहे” एवढंच सांगितलं. तुम्हाला कुणाच्या चेष्टेचं काही वाटायचं नाही. रबर अंगठ्याने दाबत तुम्ही मला समजवायचात, मऊ रबर चांगलं असं लोकांना वाटतं, पण मऊ रबर एका दमात दबतं आणि मग उरलेला धक्का सरळ हाडाला. धक्का थांबवता येत नाही, लांबवता येतो. तेवढाच बसतो, पण सावकाश बसतो. मला त्यातलं काही कळायचं नाही; मला तळघरातला तो जळक्या रबराचा वास आवडायचा आणि तुम्ही माझ्याशी मोठ्या माणसासारखं बोलता हे आवडायचं.

मग मला चौदावं लागलं. मुलांना परवानगी मिळायचं वय. तुम्ही माझ्यासाठी जुनी रायफल घेऊन आलात. आणि बाबा, इथे तुमचं डोकं कुठे गेलं होतं? दुनियेला कोट घालून माप द्यायला लावणारे तुम्ही, पोटच्या पोरीच्या वेळी पार मिरजेचे शिंपी झालात. आपल्याकडे मुलांचे कपडे कसे शिवतात, तर वाढत्या अंगाचे. फ्रॉकच्या घेराला आत चार बोटं दुमड, बाह्या बोटांवर लोंबताहेत, आणि ‘पुढच्या वर्षी बघा कसा बसतो!’ माझा इथला पहिला बर्फातला कोट असाच होता, त्यात मी चालताना दिसायची नाही, नुसता कोट चालताना दिसायचा. तुम्ही रायफलचंही तेच केलंत. जुनी कडक पट्टी काढलीत, तिथे जाडजूड पॅड बसवलंत, आणि लाकूड एका सुतानेही कमी केलं नाहीत. आई जिन्यात उभी होती. म्हणाली, “अहो, तिला लांब होतेय. मलासुद्धा दिसतंय.”

“वाढतं अंग आहे,” तुम्ही म्हणालात. “आज कापलं आणि वर्षभरात पोरगी उंच झाली तर? कापलेलं परत जोडता येत नाही.”

नेमाच्या सरावाची ती खडीची खाण. थंडी अशी की नाकातलं पाणी गोठतंय. उंच काका दूर पुठ्ठ्याचं निशाण लावून परत येताहेत, तुम्ही माझ्यामागे उभे आहात आणि मी त्या लोंबत्या कोटात ती लांबलचक रायफल उचलतेय. दस्ता खांद्याच्या खळग्यात यायला हवा. तो तिथे येतच नाही, मान ताणली तरी येत नाही, घसरून दंडावर जातो. मी सांगायला हवं, पण तुम्ही इतके खूश आहात. चाप ओढते. पुढचं मला आवाज म्हणून आठवत नाही, दंडावर कुणीतरी हातोडा घातल्यासारखं आठवतं. रायफल खाली बर्फात. आणि तुम्ही, बाबा, आधी रायफल उचललीत. नळी पुसलीत आणि ओरडलात, “बंदूक टाकायची नसते! काही झालं तरी टाकायची नसते!” मग तुम्ही माझं तोंड बघितलंत. उंच काकांनी रुमालात बर्फ बांधून माझ्या दंडाला लावला. घरी आईने बाही वर केली, दंड कोपरापर्यंत काळानिळा झालेला, आणि तिने तुमच्याकडे असं बघितलं की तुम्ही बूट न काढताच तळघरात निघून गेलात. मी जाहीर केलं, मी पुन्हा कधी येणार नाही. तुम्ही खालूनच म्हणालात, “बरं.”

त्यानंतर दर नोव्हेंबरात एक खेळ सुरू झाला. तुम्ही टेप घेऊन यायचात. “वाढलीस का बघू. हात वाकव.” मी अभ्यास करत असले तरी एक हात तुमच्याकडे द्यायचे आणि दुसऱ्या हाताने लिहीत राहायचे. “पाच फुटांच्या वर मी जात नाही बाबा, आईवर गेलेय,” म्हणायचे. तुम्ही हसायचात. कॉलेजला गेले तरी थँक्सगिव्हिंगला घरी आले की टेप हजर. मग कधीतरी ते थांबलं, आणि त्याऐवजी तुम्ही एक वाक्य धरलंत, “एकदा खांद्याला लावून तर बघ.” दर वर्षी एकदाच म्हणायचात, जेवताना, ताटाकडे बघत. मी म्हणायचे, बघू, पुढच्या वर्षी. एकदा प्रोजेक्ट होता, एकदा बाळ लहान होतं. तुम्ही “बरं” म्हणून पुढचा घास घ्यायचात. असं करत करत एका फेब्रुवारीत तुम्ही ड्राइव्हवेतला बर्फ काढायला बाहेर गेलात आणि फावडं हातात घेऊनच गेलात.

तर ऑक्टोबरात शेवटी मनाचा हिय्या केला. म्हटलं, किती कापायचं ते तरी मोजू. आधी रायफल उघडून आत काडतूस नाही ना ते बघितलं, तुम्ही शिकवलेलं तेवढं डोक्यात होतं. माझा जाड कोट घातला. तळहाताला रबर चिकटू नये म्हणून पॅडवर प्लॅस्टिकची पिशवी बांधली, आणि रायफल उचलून खांद्याला लावली. ती बसली. मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं धरलंय. खाली ठेवली, डोळे मिटले, परत उचलली. दस्ता आपणहून खांद्याच्या खळग्यात येऊन टेकला, गाल लाकडावर, बोट चापापाशी, कुठे ताणायला नको की वाकायला नको. अंगावर बेतून शिवलेल्या ब्लाउजसारखी बसली, बाबा. मी कोटासकट तिथे स्टुलावर बसले. मग स्क्रू काढले. पॅड निघालं, आणि खाली लाकूड नुसतं कापलेलं नव्हतं, घासून, रोगण देऊन बंद केलेलं होतं. तुमच्या मशीनखालच्या खणात आजोबांची टेप होती, आणि टेपेशेजारी जुन्या मलमलीत गुंडाळलेला, दस्त्याचा कापून काढलेला लाकडी तुकडा. उरलेलं कापड गिऱ्हाइकाला परत द्यायचं, हा आजोबांच्या दुकानाचा नियम मला माहीत आहे.

तुम्ही माझी उंची कधी मोजलीच नाहीत. कोपरापासून बोटापर्यंत मोजत होतात. हात वाढायचा थांबेपर्यंत वाट बघितलीत, आणि मग माझा दारामागचा कोट नेऊन, कापून, बसवून ठेवलीत. आणि हे तोंडाने सांगायला काय झालं होतं तुम्हाला? मला राग आला, खूप राग आला. रिकाम्या घरात मी मोठ्याने म्हटलं, “अहो, सांगायचं नाही का?” ‘लावून तर बघ’ काय? ‘तुझ्या मापाने कापलीय’, एवढं म्हणाला असतात तर मी हातातलं ताट टाकून खाली धावले असते. असं आता वाटतं. नसतेही धावले कदाचित. आपल्या घरात चूक झाली असं कुणी म्हणत नाही, चूक दुरुस्त करून ठेवतात आणि दुसऱ्याने ती आपली आपण शोधायची. आईसुद्धा भांडण झालं की बोलायची नाही, शिरा करायची.

मग काय, नवं पॅड मागवलं. त्याच जाडीचं, तुमच्यासारखं अंगठ्याने दाबून बघितलं. दस्त्याला चिकटपट्टी गुंडाळली, पॅड टेकवून कडेने सुईने रेघ मारली, आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलं. आता तिथे नारळ नाही, माझे एकटीचे फ्रोझन पराठे असतात. किंचाळायला कुणी नव्हतं. मशीन सुरू झालं, पट्टा अजून चांगला आहे. एका कडेला जरा जास्त घासलं गेलं, तुम्ही असतात तर दिवे लावलेस म्हणाला असतात. स्क्रू पिळताना रबर फाटू नये म्हणून पेचकसाला साबण लावायचा, हे हातांना आपोआप आठवलं. मुलाला फोटो पाठवला. त्याने लिहिलं, “मॉम, आर यू ओके?” मी लिहिलं, हो, ओके आहे. मग त्याने अंगठा पाठवला.

सीझनच्या आदल्या शनिवारी उंच काकांबरोबर तीच खडीची खाण. आता कडेला घरं झाली आहेत, पण खाण आहे. काकांचे गुडघे दुखतात, म्हणून पुठ्ठा मीच लावून आले. काकांनी रायफल बघितली आणि म्हणाले, “ही होय! ही तर दर वर्षी यायची केबिनवर.” मी म्हटलं, कोण यायची? “तुझे डॅड दोन रायफली आणायचे. एक त्यांची, एक ही. रॅकवर टांगून ठेवायचे, घरी जाताना तेल लावून परत न्यायचे. आम्ही पहिल्या वर्षी विचारलं, मग विचारणं सोडलं.” उचलली, लावली, श्वास सोडला आणि चाप ओढला. धक्का बसला, चांगला बसला, सबंध खांद्याभर पसरला आणि गेला. लागलं नाही. काका दुर्बिणीतून बघून म्हणाले, पुठ्ठ्याला भोक पडलंय, कुठेतरी पडलंय एवढं नक्की. मला इतकं रडू आलं की त्यांना वाटलं लागलं, आणि ते म्हातारे गुडघे घेऊन बर्फ शोधायला निघाले. त्यांना थांबवता थांबवता माझी पुरेवाट झाली.

केबिनमध्ये आम्ही दोघंच. उरलेल्या खाटांवर काकांनी कोट आणि खोकी ठेवली होती, तुमची तेवढी रिकामी. मी तुमचा तांबडा रस्सा केला, काकांनी नाक पुसत पुसत खाल्ला. पहाटे टॉर्च धरून त्यांनी मला तुमच्या जागेपर्यंत सोडलं. प्लायवूडची टपरी, आत एक खुर्ची, समोर लांबट फट, फटीतून खालची दलदल आणि देवदार. जाताना काका म्हणाले, “फक्त हलायचं नाही आणि आवाज करायचा नाही. बाकी काही येत नसलं तरी चालतं.” हळूहळू उजाडलं. रायफल मांडीवर होती आणि मला तिची भीती वाटत नव्हती. संध्याकाळी काकांनी विचारलं, दिसलं काही? नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. काका बुचकळ्यात पडले. “डॅडची जागा म्हणजे या सगळ्या जंगलातली सगळ्यात चांगली जागा,” म्हणाले, “असं होत नाही कधी.” मी म्हटलं, वारा उलटा असेल.

वारा बरोबर होता, बाबा. मीच बोलत होते. पहिल्या दिवशी उजाडताना नुसतं म्हटलं, “इथे बसायचात होय,” आणि मग थांबताच येईना. आई शेवटी कशी होती ते सांगितलं, लग्नाचं सांगितलं, नातू तुमच्यासारखा डावीकडे भांग पाडतो ते सांगितलं, केक कसा होता तेही सांगितलं. मोठ्याने, मराठीत, दिवसभर. इतकं मी कुणाशी कित्येक वर्षांत बोलले नव्हते. तीन दिवस तेच, आणि एवढ्या गलक्यात हरीण कुठून येणार? शेवटच्या दिवशी काकांनी निघायची हाक मारली तेव्हा मी मध्येच होते, बरंच सांगायचं राहिलं होतं. म्हणून घरी आल्यावर वही ओढून हे पत्र लिहायला घेतलं. पाकीट काही आणलेलं नाही. काकांना मात्र अजून वाटतंय, वारा उलटा होता.